फसवणारा समजून घ्यायचा, तर ऐकणाऱ्याकडे बघा

डिजिटल अटकेच्या बातम्या आता नेहमीच्या झाल्या आहेत. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक अशी माणसं व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसाचं ऐकतात आणि आयुष्यभराची पुंजी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या खात्यात टाकतात. बातमी वाचणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: एवढा शिकलासवरलेला माणूस, याला कळलं कसं नाही?

शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ पहिल्यांदा वाचणारा विद्यार्थीही हेच विचारतो. अनेक लढाया पाहिलेला सेनापती, नुकतंच प्रेमाने लग्न झालेलं, आणि हाताखालच्या एका माणसाने कान भरले म्हणून थेट बायकोचा खून? गाइड उघडलं की उत्तर तयार असतं. इयागो दुष्ट, ऑथेल्लो मत्सरी, डेस्डेमोना भोळी. तीन विशेषणांत नाटक आटोपतं आणि विद्यार्थ्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

इंग्रजी अभिजात साहित्यातली लबाड पात्रं अवघड वाटतात याचं कारण, माझ्या मते, आपण एकाच माणसाकडे टक लावून बसतो. फसवणारा बोलतो म्हणून आपण त्यालाच बघतो. पण फसवणूक घडते ती ऐकणाऱ्याच्या मनात. शेक्सपिअर, जेन ऑस्टिन, डिकन्स या तिघांनाही हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते आपल्या लेखनात अगदी उघड मांडून ठेवलंय.

आधी गोष्ट काय आहे ते

‘ऑथेल्लो’चा नोंद असलेला पहिला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात झाला. ऑथेल्लो हा कृष्णवर्णी, परदेशातून येऊन व्हेनिसच्या फौजेत सर्वोच्च पदाला पोहोचलेला सेनापती. व्हेनिसमधल्या एका प्रतिष्ठित घरातली मुलगी, डेस्डेमोना, वडिलांना न सांगता त्याच्याशी लग्न करते. ऑथेल्लो आपला लेफ्टनंट म्हणून कॅसिओ नावाच्या तरुणाला निवडतो. त्या जागेवर डोळा ठेवून असलेला इयागो खालच्याच पदावर राहतो. पुढे सगळे सायप्रस बेटावर जातात. तिथे इयागो कॅसिओला दारू पाजून भांडणात अडकवतो. कॅसिओची नोकरी जाते. मग इयागोच त्याला सल्ला देतो की डेस्डेमोनाकडे जा, ती चांगली आहे, तुझ्यासाठी शब्द टाकेल.

इथेच त्याची चाल कळते. डेस्डेमोनाचा चांगुलपणा हेच त्याचं जाळं. ती जितक्या कळकळीने कॅसिओची बाजू मांडेल, तितकी नवऱ्याच्या नजरेत संशयास्पद ठरेल. इयागो हे आपल्याला स्वतःच्या तोंडाने सांगतो.

एका प्रवेशात काय होतं

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लोचा बायकोवर पूर्ण विश्वास आहे. तो संपतो तेव्हा ऑथेल्लो गुडघ्यावर बसून सूडाची शपथ घेतोय. मध्ये काय घडलं ते सावकाश पाहायला हवं.

कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलत असतो. लांबून ऑथेल्लो येताना दिसतो आणि कॅसिओ लाजेने निघून जातो. नुकतीच नोकरी गेलेल्या माणसाला साहेबासमोर उभं राहवत नाही, एवढंच. इयागो पुटपुटतो की हे मला काही बरं वाटत नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? इयागो म्हणतो, काही नाही.

यात खोटं काय आहे? काहीच नाही.

थोड्या वेळाने इयागो सहज विचारल्यासारखं विचारतो की तुमचं प्रेम जमत होतं तेव्हा कॅसिओला ते माहीत होतं का. ऑथेल्लो म्हणतो, होतं, का विचारतोस? नुसतं मनात आलं म्हणून. मग ऑथेल्लो प्रश्न विचारत जातो आणि इयागो त्याचेच शब्द त्याला परत देतो. कॅसिओ प्रामाणिक नाही का? प्रामाणिक, साहेब? तुला काय वाटतं? वाटतं, साहेब? ऑथेल्लो वैतागून म्हणतो की हा माझा प्रतिध्वनी झालाय, जणू याच्या मनात दाखवता न येण्यासारखं काहीतरी भयंकर दडलंय.

ते भयंकर काय असेल, हे आता ऑथेल्लो स्वतः शोधायला लागतो. इयागोने कोणावरही आरोप केलेला नाही. उलट तो मत्सरापासून सावध राहा असा उपदेश करतो, आणि मत्सर हा शब्द त्या संभाषणात पहिल्यांदा त्याच्याच तोंडून येतो. मग एक खरी गोष्ट तो पुढे ठेवतो. तुमच्याशी लग्न करताना तिने वडिलांना फसवलं होतं. हेच वाक्य पहिल्या अंकात डेस्डेमोनाच्या वडिलांनी रागाने ऑथेल्लोला ऐकवलं होतं. म्हणजे इयागो नवीन काही सांगत नाही. तिथे आधीपासून सलत असलेल्या जागेवर तो बोट ठेवतो.

आणि मग या नाटकातला मला सगळ्यात भीषण वाटणारा क्षण येतो. डेस्डेमोना प्रामाणिकच आहे असं म्हणता म्हणता ऑथेल्लोच अर्धवट वाक्य बोलून जातो: तरीही, निसर्ग आपल्या वाटेवरून भरकटतो तेव्हा... इयागो ते वाक्य झेलतो. हाच तर मुद्दा आहे, म्हणतो. तिने आपल्या देशातली, आपल्या रंगाची स्थळं नाकारली, हे नैसर्गिक म्हणायचं का? विष इयागोचं, पण त्या विचाराची सुरुवात ऑथेल्लोच्या तोंडून झाली. आपल्यावर कुणी गोरी, तरुण, घरंदाज मुलगी खरोखर प्रेम करू शकेल का, ही शंका त्याच्या मनात होतीच. एकटा पडल्यावर तो तीच शंका मोठ्याने बोलून दाखवतो: मी काळा आहे, मला दरबारी गोड बोलणं येत नाही, माझं वय उतरणीला लागलंय.

दही लावताना विरजण चमचाभरच लागतं, पण दूध कोमट हवं. थंडगार दुधात तेच विरजण घातलं तर ते तसंच पडून राहतं. इयागोचं कसब विरजणात फारसं नाही. कोणतं दूध किती कोमट आहे हे त्याला बोट न बुडवता कळतं.

उघड खोटं तो बोलतो ते यानंतर. रात्री झोपेत कॅसिओ डेस्डेमोनाचं नाव घेत होता, ही शुद्ध थाप. तिचा रुमाल कॅसिओच्या हातात पाहिला, ही दुसरी. पण या थापा मारायच्या आधीच ऑथेल्लो कोसळलेला आहे. आता त्याला पुरावा हवाय तो आपण कोसळलो ते बरोबर होतं हे स्वतःला पटवण्यासाठी.

पण एका रुमालावरून?

हा आक्षेप फार जुना आहे. १६९३ मध्ये टॉमस रायमर या इंग्रज समीक्षकाने या नाटकाची यथेच्छ टिंगल केली होती. एका रुमालावरून एवढा गहजब होत असेल तर या नाटकाला रुमालाची शोकांतिका का म्हणू नये, असा त्याचा सूर होता.

रायमर हुशार होता, पण इथे तो घसरला असं मला वाटतं. ऑथेल्लो इयागोचा गळा धरून डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे म्हणतो, हे खरं. पण रुमाल हा पुरावा ठरतो कारण निकाल आधी लागलेला असतो. निकाल लागल्यावर रुमाल काय, हसणंही पुरतं. चौथ्या अंकात कॅसिओ त्याच्या प्रेयसीबद्दल, बियांकाबद्दल, बोलताना हसतो. लपून बघणाऱ्या ऑथेल्लोला वाटतं की हा डेस्डेमोनाबद्दल हसतोय.

आपल्याकडे या नाटकाचं रूपांतर गोविंद बल्लाळ देवलांनी ‘झुंझारराव’ या नावाने १८९० मध्ये केलं. याच देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आपण हसत हसत पाहतो. तेही मुळात इंग्रजी नाटकावरून, आर्थर मर्फीच्या १७६१ मधल्या सुखात्मिकेवरून आलेलं. त्यात रुमालाच्या जागी तसबीर आहे. फाल्गुनरावाला कुठल्याही इयागोची गरज पडत नाही. त्याचा संशय घरच्या घरी तयार होतो. ही दोन नाटकं लागोपाठ वाचली तर रायमरला उत्तर मिळतं. वस्तू क्षुल्लकच असते. संशयाला ती टेकायला हवी असते.

रुमालाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वर्गात सहसा बोलली जात नाही. नाटकात खोटं बोलणारा इयागो एकटा नाही. रुमाल इयागोची बायको एमिलियाला सापडतो आणि ती तो नवऱ्याला देते. डेस्डेमोना शोधायला लागते तेव्हा एमिलिया म्हणते, मला माहीत नाही. ऑथेल्लो दरडावून विचारतो तेव्हा घाबरलेली डेस्डेमोना म्हणते, हरवलेला नाही. या दोघीही भल्या बायका आहेत. त्यांचं खोटं छोटं आहे, घरात शांतता राहावी म्हणून बोललेलं आहे. त्या दोन छोट्या खोट्यांवाचून इयागोचं मोठं खोटं त्याच दिवशी उघडं पडलं असतं.

इयागोला हवंय तरी काय?

परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. सॅम्युएल टेलर कोलरिज या कवीने इयागोबद्दल एक टिपण लिहून ठेवलं होतं. हेतूच नसलेला दुष्टपणा आपल्यासाठी हेतू शोधत फिरतोय, असा त्याचा आशय. हे वाक्य इतकं गाजलं की पुढे लोक नाटकाऐवजी त्या वाक्याचाच अभ्यास करू लागले.

इयागो स्वतः कारणं सांगतो, आणि एक नाही, बरीच सांगतो. बढती कॅसिओला मिळाली, ज्याने कधी रणांगणावर तुकडी उभी केलेली नाही. ऑथेल्लोचे माझ्या बायकोशी संबंध असावेत अशी कुजबुज आहे. कॅसिओवरही तोच संशय आहे. आणि शेवटच्या अंकात फार खरं वाटणारं एक वाक्य: कॅसिओच्या आयुष्यात रोजचं एक सौंदर्य आहे, त्याच्यापुढे मी कुरूप दिसतो.

बढती हेच खरं कारण असेल, तर ती त्याला मिळते. त्याच तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो त्याला लेफ्टनंट करतो. तरी इयागो थांबत नाही.

शेक्सपिअरने ही कथा जिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ मधल्या कथासंग्रहातून उचलली. मूळ कथेतल्या खलनायकाचा हेतू साधा आहे. त्याचं सेनापतीच्या बायकोवर मन बसतं, ती दाद देत नाही, म्हणून तो सूड घेतो. शेक्सपिअरने हा सोयीचा हेतू मुद्दाम काढून टाकला. हे त्याचं विस्मरण नक्कीच नाही. एक ठोस कारण मिळालं की प्रेक्षक निर्धास्त होतो. कारण कळलं, प्रकरण मिटलं. शेक्सपिअरने तो दिलासा आपल्याला दिलेला नाही. शेवटी पकडल्यावर इयागो म्हणतो की मला काही विचारू नका, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही.

मला वाटतं, हेतू सापडत नाही कारण इयागोला एक विशिष्ट वस्तू नकोच आहे. त्याला इतरांना हलवता येतं हेच त्याचं सुख. श्रीमंत पण मूर्ख रॉड्रिगोला तो पुन्हा पुन्हा सांगतो की पैसे जमव, डेस्डेमोना तुला मिळेल. कॅसिओला सांगतो की अब्रू ही पोकळ गोष्ट आहे, गेली तर एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आणि पुढच्याच अंकात ऑथेल्लोला सांगतो की अब्रूएवढी मौल्यवान गोष्ट माणसाकडे दुसरी नाही. दोन्ही वेळा तो तितक्याच मनापासून बोलल्यासारखा वाटतो. त्याचं स्वतःचं मत कोणतं? मत नाहीच. समोरच्याला या क्षणी जे ऐकायचंय, ते त्याचं मत.

म्हणून ‘प्रामाणिक’ हे विशेषण त्याला चिकटतं. या नाटकात प्रामाणिक आणि प्रामाणिकपणा या अर्थाचे शब्द पन्नासाहून अधिक वेळा येतात, आणि ‘प्रामाणिक इयागो’ असं जवळपास प्रत्येकजण म्हणतो. ऑथेल्लोच तेवढा फसला असं म्हणताना हे विसरलं जातं. इयागोला सगळेच फसले, त्याच्याबरोबर संसार केलेली त्याची बायकोसुद्धा.

प्रेक्षकाला मात्र सगळं माहीत असतं

रंगमंचावर पात्र एकटं असताना मोठ्याने जे बोलतं ते स्वगत. इयागोची स्वगतं भरपूर आहेत, आणि एकूण नाटकात नायकापेक्षा त्याच्याच वाट्याला जास्त ओळी आल्या आहेत. शेक्सपिअरच्या आधीच्या धार्मिक नीतिनाटकांत दुर्गुणाचं मूर्त रूप असलेलं एक पात्र असे. ते प्रेक्षकांशी थेट बोलायचं, विनोद करायचं, आता याला कसं फसवतो बघा म्हणायचं. लोकांना ते आवडायचं. इयागो त्याच घराण्यातला.

त्याच्या स्वगतांचा परिणाम असा होतो की आपण नकळत त्याच्या कटात सामील होतो. आपल्याला सगळं माहीत असतं, पण आपण कुणाला सावध करू शकत नाही. हा योजना आखतोय, ती जमतेय का याची आपल्याला उत्सुकता वाटायला लागते. खलनायक आवडला म्हणून अपराधी वाटून घेणारे वाचक मला भेटलेत. त्यांना मी सांगतो की ती ओढ लेखकाने जाणूनबुजून तयार केलीय. ती ओढ जाणवली तरच ऐकणाऱ्याची अवस्था आतून कळते.

याहून धाडसी प्रयोग शेक्सपिअरच्याही दोनशे वर्षं आधी जेफ्री चॉसरने करून ठेवला होता. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये पापमुक्तीची पत्रं विकणारा एक धर्माधिकारी आहे. तो सहप्रवाशांना आपली सगळी लबाडी सांगतो, अगदी संतांचे पवित्र अवशेष म्हणून मी चिंध्या आणि हाडं दाखवतो इथपर्यंत. मग लोभाच्या दुष्परिणामांवर एक अप्रतिम गोष्ट सांगतो. आणि गोष्ट संपल्यावर त्याच प्रवाशांना म्हणतो, या, माझ्याकडचे अवशेष घ्या. कबुली दिली की माणूस विश्वासार्ह वाटतो, याचा त्याला अंदाज असावा. तिथे त्याचं गणित चुकतं, प्रवाशांसोबत निघालेला खानावळीचा मालक त्याला झाडून टाकतो.

वाचकच फसला तर?

आता उलटी बाजू. जेन ऑस्टिनच्या १८१३ मधल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये कुणीही आपल्याला आधी सावध करत नाही. एलिझाबेथ बेनेटबरोबर आपणही फसतो.

एलिझाबेथ या कादंबरीतली सगळ्यात तल्लख मुलगी. डार्सी नावाच्या श्रीमंत माणसाने एका नाचात तिच्याबद्दल अपमानकारक शेरा मारलाय, तो तिने ऐकलाय. पुढे विकम नावाचा देखणा, गोड बोलणारा तरुण अधिकारी भेटतो. पहिल्याच संध्याकाळी तो सांगतो की डार्सीने माझा हक्क डावलून मला देशोधडीला लावलं.

सोळावं प्रकरण हळू वाचा. विकम सुरुवातीला काहीही सांगत नाही. डार्सी इथे किती दिवस आहे, तुमची त्याची ओळख आहे का, एवढंच विचारतो. एलिझाबेथ फटकन सांगते की तो मला अत्यंत नकोसा माणूस वाटतो. त्यानंतर विकमची गोष्ट सुरू होते. वारा कुठून वाहतोय ते तिनेच त्याला सांगितलं.

ऑस्टिन निवेदन एलिझाबेथच्या इतक्या जवळ ठेवते की तिचं मत आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर आपल्याला दिसतच नाही. मोठी बहीण जेन म्हणते की दोघांचाही काहीतरी गैरसमज झाला असेल. आपल्याला जेन बावळट वाटते. एलिझाबेथचा युक्तिवाद काय, तर त्याच्या चेहऱ्यावरच खरेपणा दिसत होता.

नंतर डार्सीचं पत्र येतं. डार्सीच्या वडिलांच्या मृत्युपत्रानुसार मिळणार असलेल्या धर्मोपदेशकाच्या जागेवर विकमने स्वतः पाणी सोडलं होतं आणि त्याबदल्यात तीन हजार पौंड घेतले होते. डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला तिच्या तीस हजार पौंडांसाठी पळवून नेण्याचा त्याने प्रयत्न केला होता. यानंतर एलिझाबेथ जे करते ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ती विकमला शिव्या घालत बसत नाही. ती जुनं संभाषण आठवून पुन्हा तपासते. पहिल्याच भेटीत परक्या मुलीला हे सगळं सांगणं किती अप्रशस्त होतं! मी डार्सीला टाळणार नाही म्हणाला आणि नाचाला आलाच नाही. डार्सीच्या वडिलांच्या आठवणीखातर मी त्याची बदनामी करणार नाही म्हणाला, आणि डार्सी गावाबाहेर जाताच सगळ्यांना सांगत सुटला. विसंगती सगळ्या डोळ्यांसमोर होत्या. आपल्याही होत्या, मागची पानं उलटून पाहिली की लख्ख दिसतात. या क्षणापर्यंत मी स्वतःलाच ओळखत नव्हते, असं ती म्हणते.

आणि फसवणारा कुणी नसेलच तर?

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये तेही आहे. ही कादंबरी १८६०–६१ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. लोहाराच्या घरी वाढलेल्या पिपला अचानक एका अनामिक उपकारकर्त्याकडून संपत्ती मिळते. पिप ठरवून टाकतो की ही श्रीमंत मिस हॅविशमचीच कृपा, आणि तिला आपलं लग्न तिच्या दत्तक मुलीशी, एस्टेलाशी, लावून द्यायचंय. असं त्याला कुणीही सांगितलेलं नाही. खरा उपकारकर्ता निघतो मॅग्विच, पिपने लहानपणी ज्याला खायला आणून दिलं होतं तो फरारी कैदी, जो पुढे ऑस्ट्रेलियात हद्दपार झाला आणि तिथे कमावता झाला.

पिप वकिलाकडे, जॅगर्सकडे जातो तेव्हा जॅगर्स थंडपणे म्हणतो की तू समजलास त्याला तीळभरही पुरावा नव्हता. दिसतं त्यावर जाऊ नकोस, पुराव्यावर जा. मिस हॅविशमला विचारतो तेव्हा ती म्हणते की ते सापळे तू स्वतः रचलेस. तिने गैरसमज वाढू दिला, हे खरं. पण पाया पिपचाच होता.

त्याआधी एकदा पिप गावी येतो तेव्हा ज्याने त्याला वाढवलं त्या जोच्या घरी न उतरता खानावळीत उतरतो, आणि त्यासाठी स्वतःला एकेक सबब देतो. तिथे मोठा झालेला, गोष्ट सांगणारा पिप म्हणतो की जगातले सगळे लबाड एकीकडे आणि स्वतःला फसवणारा एकीकडे. सदोष पात्राचं याहून प्रामाणिक विश्लेषण कुठल्या समीक्षकाने केलेलं मी वाचलेलं नाही.

परिस्थितीने लबाड केलं, असं म्हणायचं का?

कधी कधी म्हणावंच लागतं. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला युरिया हीप सतत मी किती नम्र, किती क्षुद्र म्हणत हात चोळत असतो आणि आतून मालकाचा धंदा गिळत असतो. तो किळसवाणा आहे. पण एकदा तो सांगतो की धर्मादाय शाळेत आम्हाला फक्त नम्रताच शिकवली, याच्यापुढे वाक, त्याच्यापुढे टोपी काढ. जे शिकवलं त्याचंच त्याने हत्यार केलं. डिकन्स त्याला माफ करत नाही, पण त्याला घडवणाऱ्या समाजालाही सोडत नाही.

कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मधली बेकी शार्प, आईबाप नाहीत, हुंडा नाही, डोकं मात्र सगळ्यांपेक्षा तेज. ती खोटं बोलते, वापरून घेते, पोटच्या मुलाकडे ढुंकून पाहत नाही. वर्षाला पाच हजार पौंड असते तर मीही चांगली बाई झाले असते, असं ती म्हणते. हे खरं मानायचं का, यावर वाचकांनी दीडशेहून जास्त वर्षं वाद घातलाय. मी अर्धं खरं मानतो. ज्यांच्याकडे पाच हजार होते ती त्या कादंबरीतली माणसंही फारशी चांगली नाहीत. पण भोळ्या अमेलियाला तिच्या मेलेल्या नवऱ्याने बेकीलाच लिहिलेली खरी चिठ्ठी दाखवून जागं करणारी शेवटी बेकीच असते. लबाड माणूस नेहमी खोटंच बोलेल असं धरून वाचलं तर हा प्रसंग निसटतो.

म्हणजे फसला त्याचाच दोष?

हा आक्षेप गंभीर आहे. ऐकणाऱ्याकडे बघा म्हटलं की दोष त्याच्या माथी मारल्यासारखं वाटतं. तसं नाही. एखादी गोष्ट कशी घडली आणि तिला जबाबदार कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कसं घडलं याचं उत्तर ऑथेल्लोच्या मनात सापडतं. कट रचला इयागोने, आणि त्याला तो जबाबदार आहे. खून ऑथेल्लोने केला, आणि त्याला ऑथेल्लोच जबाबदार. त्याला भडकवलं गेलं हे खरं असूनही. डेस्डेमोनाचा तर कशातच दोष नाही.

शिवाय विश्वास ठेवणं हा मूर्खपणा नाही. इयागो लढायांत ऑथेल्लोच्या बाजूला उभा राहिलेला माणूस होता. सोबत्यावर विश्वास न ठेवता सैन्य चालत नाही, घर चालत नाही. आणि ऑथेल्लो परका होता. इयागो त्याला सांगतो की व्हेनिसच्या बायका कशा असतात ते मला ठाऊक आहे, त्या नवऱ्यापासून लपवतात आणि देवाला दिसू देतात. हे पडताळायचं कसं? कोणाला विचारायचं? ज्या समाजाने त्याला युद्धासाठी जवळ केलं पण आपल्यातला मानलं नाही, त्या समाजाची माहिती त्याला इयागोकडूनच मिळत होती. आपला मत्सर जात्याच नव्हता, पण एकदा चेतवल्यावर भान सुटलं, असं तो शेवटी स्वतःबद्दल सांगतो. ते मला बरंचसं पटतं. ‘मत्सरी’ या एका शब्दात त्याला बसवणारी गाइडं इथे कमी पडतात.

व्हिडिओ कॉलवरचा खोटा पोलीस हेच करतो. तो भीती निर्माण करत नाही. आपल्या नावाने काहीतरी झालं असेल, कायदा आपल्याला कळत नाही, लोक काय म्हणतील, ही भीती आधीपासून असते. घरच्या कुणाशी बोलू नका, असं तो पहिल्यांदा बजावतो. ऑथेल्लोनेही डेस्डेमोनाला किंवा कॅसिओला वेळेत सरळ एक प्रश्न विचारला असता तर नाटक तिसऱ्या अंकातच संपलं असतं. एमिलियाला तो विचारतो, ती छातीठोकपणे सांगते की डेस्डेमोना निष्कलंक आहे. पण तोवर चौथा अंक उजाडलेला असतो आणि तिचं खरं बोलणंही त्याला खोटं वाटतं.

ज्यांना हे स्वतः तपासून पाहायचंय त्यांनी सगळं ‘ऑथेल्लो’ एका बैठकीत वाचायचा हट्ट धरू नये. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश घ्या आणि फक्त ऑथेल्लोची वाक्यं सलग वाचा, इयागोची गाळून. पुढे ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चं सोळावं प्रकरण वाचा आणि लगेच छत्तिसावं, जिथे एलिझाबेथ पत्र हातात घेऊन ते सोळावं प्रकरण मनात पुन्हा वाचते. मराठीतून सुरुवात करायची असेल तर देवलांची दोन्ही नाटकं हाताशी आहेत. आधी ‘झुंझारराव’ वाचा, मग ‘संशयकल्लोळ’.